समदं काढा

चांगुणाने तृप्तीने आणलेली रंगपेटी हातात घेतली, उघडून पाहिली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली.

"परत येऊ नका, मॅडम."

तृप्तीला ते ‘मॅडम’ झोंबलं. वर्षभर ही पोर तिला ताई म्हणत होती. तृप्ती नाशिकच्या एका महाविद्यालयात समाजकार्य शिकवायची आणि पीएच.डी.साठी दर शनिवारी मुलींच्या या बालगृहात यायची. बत्तीस मुली, प्रत्येकीची मुलाखत, सोबत छोटा टेपरेकॉर्डर. तेरा वर्षांची चांगुणा सगळ्यांत उशिरा बोलली. सहा शनिवार तिने नुसती चित्रं काढली. सातव्या शनिवारी सांगितलं. पेठकडच्या पाड्यावरून तिचे आईबाप निफाडला द्राक्षाच्या मळ्यात कामाला आले होते. तान्हा भाऊ आठ वर्षांच्या चांगुणाकडे सोपवला होता. तिचा डोळा लागला आणि रांगतं पोर हौदात पडलं. "तूच खाल्लंस त्याला," आई म्हणाली, आणि पुढच्या हंगामाआधी तिला इथे आणून सोडलं.

तृप्तीने ही हकिगत आपल्या अहवालात घातली. नाव बदलून ‘सगुणा’ केलं. पाडा, मळा, हौद सगळं तसंच राहिलं.

"अगं, पण झालं काय?"

"तुम्हीच लिवलंय, तुम्हीच वाचा," चांगुणा म्हणाली. "पंगतीत माझ्या शेजारी कोण बसत नाय आता. भाऊखाई म्हणतात मला. भाऊखाई!"

तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच अधीक्षकांच्या खोलीत शिरली. "शेवाळे सर, माझा अहवाल मुलींच्या हातात गेलाच कसा?"

रंगनाथ शेवाळ्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "वाचनालयाच्या कपाटात होता, मॅडम. तुम्हीच भेट दिलात. पहिल्या पानावर ‘सस्नेह’ लिहून."

"मुलींची गुपितं आहेत त्यात! त्यांची परवानगी..."

"ती मी दिली होती की. बत्तीस मुलींसाठी एकच कागद, खाली माझी सही. तुम्हीच म्हणालात, एकेकीला कुठे विचारत बसू, पालक तुम्हीच आहात."

म्हणाली होती. हसत हसत म्हणाली होती.

तिथून ती गेली मार्गदर्शक मोहिनी राजेबहाद्दरांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "भावनेच्या भरात काही करू नकोस. नाव बदललंस ना? मग नियमात बसतं. ती मुलाखत तुझ्या प्रबंधाचा प्राण आहे."

"प्राण तिच्या भावाचा गेला, मॅडम," तृप्ती ओरडली आणि दार आपटून बाहेर पडली.

घरी आल्यावर तिने कॅसेट लावली. आपण किती हळुवारपणे विचारलं होतं, हे तिला स्वतःलाच पटवून द्यायचं होतं. चांगुणाचा आवाज आला. "बास ना, ताई. मला नाय सांगायचं." थोडा वेळ नुसती खरखर. मग तृप्तीचा स्वतःचा आवाज, साखरेत घोळलेला. "बरं, नको सांगू. पण तुला पांडवलेणी बघायला यायचंय ना माझ्याबरोबर? मग? हौदाजवळ आणखी कोण होतं?"

तिने टेप बंद केला. पुन्हा लावला. मुलाखत कागदावर उतरवताना तिने स्वतःची वाक्यं गाळली होती. अहवालातली मुलगी आपणहून घडाघडा बोलत होती, मध्येच कंसात ‘हसली’ असंही लिहिलं होतं. पांडवलेण्यांना तर त्या दोघी कधी गेल्याच नव्हत्या. शेवाळ्यांवर आणि मोहिनीमॅडमवर दिवसभर काढलेला राग असा उलटला, की तिला आरशासमोर उभं राहवेना.

पुढच्या शनिवारी ती टेपरेकॉर्डर न घेता गेली. "चांगुणा, माझं चुकलं."

"मला एकटीला सांगून काय उपेग? तिकडं सांगा. पंगतीत."

तृप्ती जेवणाच्या खोलीत उभी राहिली. ताटांचा आवाज थांबला. "चांगुणा नको म्हणत होती," ती म्हणाली. "मी तिला आमिष दाखवून बोलतं केलं. तिचा काही दोष नाही. आठ वर्षांच्या मुलीवर तान्हं बाळ टाकून जाणाऱ्या तिच्या आईनेच..."

"माझ्या आईला नाव ठेवायचं नाय!" चांगुणा ताडकन उठली. तिच्या ताटातली आमटी सांडली. "तुम्हाला काय ठावं? आई दिवसभर मळ्यात वाकलेली असायची!"

माफी मागतानाही तृप्ती दुसऱ्याच्या आईचा निवाडा करत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून एका लहान मुलीने विचारलं, "मंग माझं काय लिवलंय?"

"आणि माझं?" दुसरी म्हणाली. मग सगळ्याच बोलू लागल्या.

त्या उन्हाळ्यातले सगळे शनिवार तृप्तीने त्यातच घातले. एकेकीला व्हरांड्यात बसवून तिची पानं वाचून दाखवायची. नको म्हणाली की समोरच फाडायची. एकोणीस जणी नको म्हणाल्या. एकीने ‘बाप दारुडा’वर काट मारायला लावली आणि ‘बाप गाणी म्हणायचा’ असं लिहून घेतलं. मोहिनीमॅडमनी दोन ओळींचं पत्र पाठवून मार्गदर्शन सोडलं. शेवाळ्यांनी संस्थेत मुली उद्धट झाल्याची तक्रार महाविद्यालयाकडे केली. तृप्तीने दोन्ही पत्रांना उत्तर लिहिलं, आणि त्यात कुठेही क्षमस्व लिहिलं नाही.

चांगुणा तिची पाळी आली तेव्हा आलीच नाही. मैत्रिणीकडून निरोप आला.

"ती म्हणती, समदं काढा. हसली ते बी काढा."

तृप्तीने कॅसेट आणि पानं त्या मुलीच्या हातात दिली. प्रबंध पुढे कधीच पुरा झाला नाही.