आणखी एक

“नाना, ह्याला काही म्हणजे काही झालेलं नाही,” भिंगवाला म्हणाला आणि त्याने कॅमेरा अलगद फडक्यावर ठेवला. “ठणठणीत आहे.”

“मग काय मी खोटं बोलतोय?” नाना उसळले. “बावन्न मुलांचा वर्ग. पुढच्या रांगेत एकाचेही नाक-डोळे धड नाहीत. बाई विचारतात, धुक्यात काढला होता का? सदतीस वर्षांत शाळेने पहिल्यांदा माझा फोटो परत पाठवला. कॅमेरा थकलाय, बाकी काही नाही. ह्याच कंपनीचा नवा दाखव.”

भिंगवाला कॅमेरे दुरुस्त करायचा आणि विकायचाही. उजव्या डोळ्यावर सदानकदा भिंग अडकवलेलं, म्हणून हे नाव. नाना त्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. कंपनी म्हणजे एकच. पोरवयात ज्या स्टुडिओत कामाला लागले, तिथल्या मालकांनी म्हातारपणी स्वतःची लेन्स ह्यांच्या हातात ठेवली, तेव्हापासून नानांनी त्या कंपनीशी जे नातं जोडलं ते जोडलंच. रीळ गेलं, कॉम्प्युटर आला, घरातल्या पंख्यापासून पलंगापर्यंत सगळं बदललं. कंपनी बदलली नाही. बाकीचे फोटोग्राफर त्यांना ‘कंपनीचे जावई’ म्हणायचे आणि नानांना ते मनातून आवडायचं. फोकसही ते हातानेच करत. यंत्राने फोकस केलेला फोटो म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र.

ह्या जावईपणाला घरात मात्र वर्षभर विरोध सुरू होता. “दुसऱ्या कंपनीचा घ्या ना,” काकू म्हणायच्या. काकू म्हणजे नानांची बायको; स्टुडिओत कॉम्प्युटरवर त्याच बसायच्या. “तो म्हणे माणसाचा डोळा आपला आपण शोधतो.”

“मग माझे डोळे काय शोभेला आहेत?” नाना विचारायचे, आणि काकू कॉम्प्युटरकडे वळायच्या.

भिंगवाल्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवला आणि एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून दाखवला. तारखांखालची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

“आता तुम्ही काढा.”

नानांनी डोळा लावला, लेन्सची कडी फिरवली, दाबलं. ह्या वेळी अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी.

“हललं असेल.”

“स्टँडवर आहे, नाना.”

त्यांनी आणखी तीनदा काढून पाहिला. तीनदा तेच. टेबल स्वच्छ असतानाही भिंगवाला उगाच पुसत बसला. मग हळूच म्हणाला, “डोळे दाखवून घ्या एकदा.”

परतीच्या वाटेवर नानांना राहून राहून एकच प्रश्न छळत होता. डोळे जर इतके गेलेत, तर मग आजवर फोटो चांगले आले कसे? कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी ते थबकले. शाळेच्या फोटोच्या दिवशी काकू बहिणीकडे गेल्या होत्या. नानांना तेव्हा बरंच वाटलं होतं. दोन क्लिक, काम फत्ते. नाही तर काकूंची मागून टकळी चालूच असायची, “आणखी एक. कॉलर नीट करा हं, आणखी एक. आता थोडं हसून, आणखी एक.” गिऱ्हाईक कंटाळायचं, नाना वैतागायचे. चारचौघांत त्यांनी किती वेळा सुनावलं होतं, “फोटो मी काढतोय की तू?”

स्टुडिओत काकू पाठमोऱ्या बसल्या होत्या.

“अगं, त्या रिटायर झालेल्या पोस्टमनचे फोटो उघड बरं. सगळे.”

“सगळे कशाला? निवडलेला आहे ना.”

“सगळे.”

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने उघडले. चौदा फोटो. पडद्यापाशी नाक नेऊन नाना एकेक मोठा करत गेले. तेरा अस्पष्ट, एक लख्ख. तो एक पोस्टमनच्या घरी चौकटीत लागला होता आणि त्यासाठी त्याने नानांचे दोन्ही हात हातात घेतले होते.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“दोन वर्षं झाली असतील. पेपरातलं बारीक छापलेलं तुम्ही मला वाचून दाखवायला सांगायला लागलात ना, तेव्हापासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“बोलले असते तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा खाली ठेवून बसला असता. ओळखत नाही का मी तुम्हाला?” काकू म्हणाल्या. “म्हणून म्हणत होते कंपनी बदला. कॅमेऱ्याच्या निमित्ताने निभावलं असतं.”

“आणि हे तेरा टाकून का नाही दिलेस?”

“तुम्ही काढलेत ना,” काकू म्हणाल्या.

नानांना खरं तर राग यायला हवा होता. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण राग आलाच नाही. दोन वर्षं ही बाई आपल्यामागे उभी राहून आपली लाज राखत होती, आणि वर बोलणी खात होती. लेन्स पुसायच्या निमित्ताने ते आतल्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. औषधाने पुढचं थोपवता येईल. गेलेलं परत यायचं नाही, चष्म्यानेही नाही.

“मी फोटो काढू शकेन?” नानांनी एवढंच विचारलं.

“तुम्हाला बारकावा दाखवणारं दुसरं काही मिळालं, तर का नाही?”

पुढच्या आठवड्यात दोघं भिंगवाल्याकडे गेली. त्याने दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे मांडले आणि काकूंना उजेडात उभं केलं. आपल्या कंपनीने आब राखावा असं नानांना फार वाटत होतं. आधी तिच्याच नव्या कॅमेऱ्याने त्यांनी पाच फोटो काढले. काकूंच्या चष्म्यावरच्या चकाकीने त्याला दोनदा चकवलं. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याने काकूंच्या डोळ्यावर हिरवी चौकट ठेवली आणि पाचही वेळा ती हलली नाही. चौकट नानांना स्पष्ट दिसत होती. झूमची कडी मात्र उलटी फिरत होती. जवळ आणायला जावं तर काकू लांब पळत.

“हात शिकेल,” भिंगवाला म्हणाला.

“शिकेल की. सासर बदलतंय, थोडं अवघड जाणारच,” नाना म्हणाले, आणि तिघंही हसली.

“मालकांची लेन्स ह्याला बसायची नाही. माझ्याकडे देताय?” भिंगवाल्याने विचारलं.

“नाही. ती घरी राहील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडल्यावर नानांनी मालकांची लेन्स जुन्या कॅमेऱ्यासकट, आपल्याला बसल्या जागेवरून दिसेल अशी फळीवर ठेवली. मग स्टुलावरची धूळ झटकली.

“बस.”

“कोण, मी?” काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर सगळं गाव बसून गेलं होतं, फक्त त्याच राहिल्या होत्या. “माझं काय मेलं काढायचं? केससुद्धा विंचरलेले नाहीत.”

“बस म्हटलं ना.”

काकू अवघडून बसल्या. त्यांना पदर नीट करायला सांगायला, हसवायला मागे कुणी नव्हतं. हिरवी चौकट त्यांच्या डोळ्यावर जाऊन थांबली. नानांनी दाबलं.

फोटो झाला की समोरच्या माणसाला “आभारी आहे” म्हणायचं, ही मालकांची शिकवण. आजवर हजारोंना म्हटलेले ते दोन शब्द आज नानांना पटकन म्हणता येईनात. थोडं थांबून, खाकरून त्यांनी ते म्हटले.

काकूंनी खाली मान घातली. मग उठून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावल्या. पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता.

“आला की पहिल्याच फटक्यात,” त्या म्हणाल्या आणि डोळे टिपत कॉम्प्युटरकडे वळल्या. “झालं तर मग.”

“कुठे निघालीस?” नाना म्हणाले. “आणखी एक.”

काकूंनी केस कानामागे सारले आणि त्या पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या.