वकिलाची तक्रार

सोमवारी सकाळी मालकीणबाईंनी पागेच्या दारावर यादी चिकटवली. बावीस घोडे. रविवारी घोडेस्वारीच्या स्पर्धा होत्या आणि त्याआधी प्रत्येक घोड्याला नवे नाल मारायचे होते. एरवी या कामाला दोन आठवडे मिळायचे. या वेळी नालांची पेटीच उशिरा आली, आणि हातात राहिले पाच दिवस.

"मिस्त्री, मदतीला दुसरा नालबंद बोलावू का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कशाला? वीस वर्षं मीच करतोय की."

"तेव्हा तुम्ही दोघं होतात," त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

नालबंदाने ऐरण गाडीतून उतरवली आणि पहिला घोडा भिंतीच्या कडीला बांधला.

त्या काय म्हणत होत्या ते त्याला चांगलं ठाऊक होतं. घोड्याचं खूर म्हणजे आपलं नखच. बाहेरचा भाग निर्जीव, त्यात खिळा ठोकला तरी घोड्याला कळत नाही. पण जरा आत जिवंत मांस असतं. या दोहोंत अंतर किती, तर ज्वारीच्या दाण्याएवढं. खिळा आत वळला की घोडा सांगतो, पण प्रत्येक जण लाथ मारून सांगत नाही. कुणी कान मागे टाकतो, कुणाची नाकपुडी ताठते. नालबंद तर खाली वाकलेला, खूर गुडघ्यांत धरलेलं. त्याला घोड्याचं तोंड दिसणार कसं?

ते त्याच्या बायकोला दिसायचं. तिचे वडील नालबंद. सात वर्षांची होती तेव्हापासून ती घोड्यांच्या डोक्याशी उभी राहत आलेली. लग्नानंतर ती नवऱ्याच्या घोड्यांशी उभी राहिली. मानेवर हात, नजर कानावर. "अहो, हा काढा," एवढंच म्हणायची. हा खिळा काढून दुसरीकडे मारायचा. या पागेत वीस वर्षांत तिने किती खिळे काढायला लावले त्याची मोजदाद नाही, पण एकही घोडा लंगडला नाही. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या हाताला यश आहे. यश हाताला नव्हतं, हे फक्त मिस्त्रीला माहीत होतं.

आठ महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि अकराव्या दिवशी ती गेली. त्यानंतर घोड्याच्या डोक्याशी कुणी उभं राहिलं नाही. नालबंदाने राहू दिलं नाही.

सोमवारी चार घोडे झाले. संध्याकाळी जेवताना लेकीने त्याच्या हाताला आलेले फोड पाहिले. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची.

"बाबा, आठवडाभर रजा टाकते. मी धरते घोडे."

"तू चष्मे बघ."

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघत असते. चार दिवस घोड्यांच्या डोळ्यांत बघेन. ते निदान काचेचा रंग बदलून द्या म्हणून भांडत तरी नाहीत."

"ते तुझ्या आईचं काम होतं."

"आईचं होतं म्हणून आता कुणीच करायचं नाही?"

त्याने ताट पुढे सारलं आणि उठला. लेकीने ताटातली उरलेली भाकरी झाकून ठेवली. त्या दिवसापासून घरात बोलणं म्हणजे 'दार लाव' आणि 'पाणी तापलंय' एवढंच.

मंगळवारी चार, बुधवारी चार. सकाळी कंबर सरळ व्हायला नकार द्यायची. खूर सोलायचं, कानसायचं, नाल तापवून बसता करायचा, खिळे मारायचे, खुराबाहेर आलेली टोकं मोडायची. एका घोड्याची चार खुरं, एका खुराला सहा खिळे. मालकीणबाई दर तासाला डोकावून जात. "होईल ना मिस्त्री?" "होईल." "नक्की?" "तुम्ही विचारत बसलात तर नाही होणार." त्या हसून जायच्या, पण तासाभराने पुन्हा हजर.

गुरुवारी पाच घोडे होते आणि त्यांत वकील होता.

वकील म्हणजे तपकिरी रंगाचा उंच घोडा. ऊठसूट तक्रार करतो म्हणून पागेने त्याला हे नाव ठेवलेलं. पाणी गार, खोगीर घट्ट, ऊन फार, सगळ्यावर त्याची हरकत. रविवारी त्याच्यावर गणितबाई बसणार होत्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या, वय सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वी घोड्यावर चढायला त्यांना स्टूल लागायचं. आता त्या अडथळ्यांवरून उड्या मारत होत्या, आणि रविवारची त्यांची पहिली स्पर्धा होती. त्या कुंपणापाशी येऊन थांबल्या.

"काका, माझ्या पक्षकाराला नीट बूट घाला हं."

"घालतो. त्याला म्हणावं, साक्ष फिरवू नको."

पुढच्या उजव्या खुरात चौथा खिळा मारताना वकिलाने पाय ओढून घेतला. नालबंद थांबला. वकिलाने पाय ओढणं यात नवल नव्हतं. दुसरा खिळा मारतानाही ओढला होता, आणि खूर नुसतं हातात घेतलं तेव्हाही. मागे अजून दोन घोडे उभे होते.

"गप रे वकिला. युक्तिवाद पुरे," तो म्हणाला आणि आणखी दोन घाव घालून त्याने टोक मोडून टाकलं.

शुक्रवारी उरलेले पाच झाले. बावीसच्या बावीस. मालकीणबाईंनी यादीवर शेवटची खूण केली आणि म्हणाल्या, "मानलं बुवा तुम्हाला." त्याला बरं वाटायला हवं होतं.

शनिवारी सकाळी तो हत्यारं न्यायला पागेत गेला, तेव्हा रिंगणात शेवटचा सराव चालला होता. गणितबाई वकिलाला दुडक्या चालीने फिरवत होत्या. नालबंद पाठमोरा होता. त्याने पेटीत हातोडा ठेवला आणि हात तिथेच राहिला. तीन पावलं भरीव पडत होती. चौथं हलकं.

त्याने वळून पाहिलं. पुढचा उजवा पाय टेकताना वकिलाचं डोकं किंचित वर उचललं जात होतं, बोटभर. रिंगणाच्या कडेला मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांना ते दिसलं नसावं. दिसलं असेल तरी वकिलाची नाटकं सगळ्यांना पाठ होती.

आता आपण नाही बोललो तर? त्याच्या मनात आलं. बोललो तर गणितबाईंची स्पर्धा गेली. दोन वर्षं गेली. आपलं नाव तर गेलंच. आणि कदाचित पाय नुसता आखडला असेल, चालून चालून मोकळा होईल. उद्या अकराच्या फेरीपर्यंत बराच वेळ आहे. तेवढ्यात त्याला रिंगणातला तिसरा अडथळा दिसला. लाकडी ओंडका आणि त्यापलीकडे पाण्याचा खड्डा. तिथे घोडा सगळा भार पुढच्या पायांवर घेऊन उतरतो. त्या पायाने उतरताना कच खाल्ली तर बाई डोक्यावर पडतील.

"बाई, उतरा," तो ओरडला.

"काय झालं?"

"आधी उतरा, मग सांगतो."

त्याने लेकीला फोन लावला. ती दुकानात होती. "येतेस का जरा?" एवढंच तो म्हणाला. तिनेही कशाला म्हणून विचारलं नाही. वीस मिनिटांत आली, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच. तिने वकिलाचा लगाम धरला, मानेवर हात ठेवला. नालबंदाने मोठ्या चिमट्याने एकेका खिळ्याजवळ खूर दाबायला सुरुवात केली.

चौथ्यापाशी ती म्हणाली, "बाबा, इथे."

"त्याला सवय आहे तशी."

"सवयीचं नाही हे. बाकीच्या खिळ्यांपाशी नुसता पाय ओढला. इथे डोळा पांढरा केला त्याने."

त्याने खिळा उपसला. खिळ्यावर ओल होती.

तो सरळ उभा राहिला आणि गणितबाईंना म्हणाला, "माझी चूक आहे. खिळा जिवंत भागाला टेकला. गुरुवारी यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चार-पाच दिवस याच्यावर कुणी बसायचं नाही."

गणितबाईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. शिव्या देतील असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "गुरुवारी मारलेला खिळा आज शनिवारी दुखला?"

"असंच होतं. दोन दिवस लागतात."

"म्हणजे शुक्रवारी मारलेले उद्या दुखणार."

हा हिशोब नालबंदाने केलाच नव्हता. एका घोड्याच्या पायात गुंतलेला माणूस, बाकीचे एकवीस विसरला होता.

मालकीणबाईंचा आवाज चढला. "मिस्त्री, उद्या माणसं बसणार आहेत त्यांच्यावर! दुसरा नालबंद बोलावू का, विचारलं होतं ना मी? तुम्हालाच भूषण एकट्याने करायचं!"

"हो," तो म्हणाला. "ओरडायचं ते नंतर ओरडा. घोडे बाहेर काढा. गुरुवारचे चार, शुक्रवारचे पाच. आधीच्यांना दुखायचं असतं तर एव्हाना दुखलं असतं."

नऊ घोडे, छत्तीस खुरं. तो वाकून दाबत होता, लेक डोक्याशी उभी. तिची पद्धत वेगळी होती. आई गप्प असायची, ही घोड्यांशी अखंड बडबडत होती. "हं, समोर बघ. आता कमी दिसतं का जास्त?" एरवी त्याने तिला गप्प केलं असतं. गणितबाई यादीवर खुणा करत होत्या. घरी जा म्हटलं तर गेल्या नाहीत. मालकीणबाई जनावरांच्या डॉक्टरांना फोन करत होत्या. सात घोडे ठीक निघाले. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

आठवा पावशेर. पागेतलं सगळ्यात लहान तट्टू. लहान मुलं याच्यावर बसतात, कारण तो कधी कशालाच हरकत घेत नाही. नालबंदाने मागचं डावं खूर गुडघ्यांत धरलं, चिमटा दाबला. पाय जागचा हलला नाही. त्याने खूर खाली ठेवायला घेतलं.

"बाबा, परत दाबा."

"काही नाही गं. हलला नाही तो."

"दाबा तर खरं."

त्याने दाबला.

"श्वास थांबवला त्याने," लेक म्हणाली. तिची बडबड बंद झाली होती. "आधीही थांबवला होता. आता बघा, सोडला."

त्याने खिळा उपसला. खिळ्याला रक्ताचा बारीक धागा होता.

मालकीणबाई फोन कानाला लावूनच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो खाली घेतला. "उद्या सकाळी पहिल्या फेरीत माझी नात बसणार होती याच्यावर," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची आहे." जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंसुद्धा नसतं."

"कळलं असतं," नालबंद म्हणाला. "उद्या."

नववा घोडा ठीक निघाला. "पुढच्या कामाचं सोमवारी बोलू," एवढं म्हणून मालकीणबाई आत गेल्या. त्याने मान हलवली. काम राहतं की जातं ते तेव्हा कळणार होतं.

रविवारी वीस घोडे स्पर्धेत उतरले, दोन पागेत राहिले. मैदानावर भोंगा ओरडत होता. नालबंद वकिलाचा पाय कोमट मिठाच्या पाण्याच्या बादलीत धरून बसला होता आणि वकील त्यालाही हरकत घेत होता. लेक शेजारच्या ठाणात पावशेरपाशी होती.

अकराला गणितबाई आल्या. स्पर्धेचे बूट, पाठीवर नंबर. ठरलेलं होतं म्हणून घालून आल्या असाव्यात.

"माझ्या वर्गातली मुलं आलीत," त्या म्हणाल्या. "बारा जणं. मला बघायला. मी सांगितलं, घोडा आजारी पडला."

"खरं सांगायचं होतं."

"ते तुम्ही सांगा. रडकुंडीला आलेल्या माणसाने दुसऱ्याची चूक समजावून सांगू नये, उत्तर चुकतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आलीच बघा."

मुलं आत आली आणि वकिलासमोर गोळा झाली. नालबंदाने ओले हात पँटीला पुसले. शाळेत तो कधी उभा राहून बोलला नव्हता.

"हा घोडा आजारी पडला नाही," तो म्हणाला. "मी याला चुकीचा खिळा मारला. याला दुखलं ते यानं सांगितलं, पण मी खाली वाकलेला होतो. घोड्याचं तोंड बघायला डोक्याशी एक माणूस लागतं. ते नव्हतं."

"का नव्हतं?" पुढे उभ्या असलेल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीने विचारलं.

शेजारच्या ठाणातली बडबड थांबली.

आठ महिन्यांत त्याला लोकांनी बरंच काही विचारलं होतं. जेवलात का, झोप लागते का, लेकीचं काय ठरलं. हे कुणी विचारलं नव्हतं, आणि याचं उत्तरही त्याने अजून कुणापुढे उच्चारलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

"माझी बायको उभी राहायची," तो म्हणाला. "ती वारली." मग त्याने बादलीतल्या पाण्यात हात घालून पाहिला. पाणी निवलं होतं. "आणि तिच्या जागी मी दुसऱ्या कुणाला उभं राहू दिलं नाही. म्हणून."

मुलीने मान डोलावली, गणिताची पायरी कळल्यासारखी. बाहेर भोंग्यावर पुढचा नंबर पुकारला. गणितबाईंनी पाठीवरचा कागद ओढून काढला, त्याची घडी केली, आणि गरम पाण्याची किटली आणायला त्या स्वतःच गेल्या.