पाण्यातल्या घोडीची खोड

टिक्.

सोमनाथनं अंगठा उचलला, पुन्हा बटण दाबलं.

टिक्.

"बघितलंस? बघितलंस का?" तो बायकोवर असा खेकसला, जणू बटण दीपमालेनंच बिघडवलं होतं. "काल दिवसभर पाखरावानी उडत व्हती. आज टिक्‌टिक् करायली. मशीन हाय का पाल हाय?"

नाथसागराच्या काठाला, गंगापूरच्या बाजूच्या पाण्यात ती निळी वॉटर स्कूटर मुकाट उभी होती. मोटारसायकलसारखं वर बसायचं, हँडल धरायचं, की पाणी दुभंगत सुसाट सुटणारी. वाळूजच्या कंपनीतली पाळीची नोकरी सोडून सोमनाथनं ती गोव्याहून जुनी आणली होती. रविवारी शहरातून माणसं यायची, लेकरं किंचाळत चक्कर मारायची. पण तात्पुरती परवानगी आता संपत आली होती. उद्या सकाळी परवाना देणारे साहेब स्वतः मशीन बघायला येणार होते. मशीन धडपणे चालू झाली तर काठ सोमनाथचा, नाही तर त्याच्या मागच्या अर्जदाराचा. "लोकांना भर पाण्यात नेऊन अडणारी मशीन आम्हाला नको," असं साहेबांनी फोनवर सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तर सोमनाथचा जीव जास्त जळत होता.

दीपमाला पाण्यात उभी राहून मशीनच्या नाकावर हात फिरवत पुटपुटली,

"पहिली माझी ओवी गं, पान्यातल्या घोडीला
किती समजावू बाई, तुझ्या गं खोडीला"

"ओव्या नको गाऊस! गोकुळला फोन लाव."

गोकुळ म्हणजे सोमनाथचा आयटीआयमधला दोस्त. शहागंजात त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज. ही मशीनही तोच बघायचा. दुपारी तो आला. आल्या आल्या सीट उचलली, बोल्ट फिरवायचं यंत्र लावून घर्रर्र करत बॅटरीच्या तारांचे बोल्ट खोलले, मीटर लावला, पुन्हा घर्रर्र करत बोल्ट आवळले आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरून चालू झाली. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा, तशी.

"क्या यार सोम्या! एकदम मस्त है," गोकुळ म्हणाला.

"तू आला की मस्तच असती! सकाळी यायचं ना मग!"

"सकाळी माझी बायको मला चालू व्हऊ देत नाय, तुझी मशीन कुठून चालू करू?"

"गोकुळ, मस्करी नको. उद्या साहेब हायेत."

गोकुळनं कपाळ पुसलं. "प्लग बदलले. रिले बदलला. बॅटरी नवी. सीटखाली कुनी हात घालायचा नाय म्हनलं व्हतं, घातला का?"

"कुनी नाय. आप्पालाबी ताकीद दिली."

आप्पा, म्हणजे सोमनाथचा बाप बन्सी, पत्र्याच्या शेडजवळ बसून ऐकत होते. त्यांनी मान दुसरीकडं वळवली. समोर धरणाचं पाणी होतं, नि त्या पाण्याखाली गेलेलं कधीकाळचं त्यांचं रान. लहानपणी ज्या बांधावर बोरं वेचली, त्याच्यावरून आता लेकाची मशीन पळत होती.

"मग थंडीच," गोकुळनं निकाल दिला. "कधी अडती, ते बघ. गारठ्याच्या दिवशीच. उद्या पहाटं बादलीभर गरम पानी मार तिच्या अंगावर. इंजिन मोकळं व्हईल."

"मशीनला आंघोळ घालू? उटनं लावू का संगं?"

"लाव. पन माझं नाव नको घेऊ," असं म्हणत गोकुळ गेला. संध्याकाळी चौघाजणांनी ओढून मशीन ट्रॉलीवर चढवली, शेडमध्ये लावली.

पहाटे दीपमाला चुलीवर पाणी तापवून, वाफाळती बादली घेऊन शेडकडं निघाली. सोमनाथ घरात शर्टाला इस्त्री करत होता नि इस्त्रीवरही ओरडत होता. पाण्यावर धुकं पसरलं होतं, कापसाच्या ढिगासारखं. थंडी अशी, की बादलीची कडीसुद्धा हाताला चावत होती.

शेडमध्ये मशीनची सीट उचललेली होती. आत वाकलेलं एक अंग होतं, घोंगडीत गुंडाळलेलं.

"आप्पा?"

आप्पा दचकले. हातातला पाना खाली पडला, ट्रॉलीवर ठणकन वाजला.

"काय करताय हो तुम्ही?"

"काय न्हाय. बॅटरीची तार जोडायलो."

"कोनी काढली?"

"म्या. रोज राती काढतो. तुझ्या नवऱ्याला भान हाय का? रातभर जोडून ठिवली तर बॅटरी उतरती. ट्रॅक्टरची म्या हयातभर काढून ठिवली, एका सकाळीबी अडला नाय." ते पुन्हा वाकले. "सोमनाथनं हात लावू नको म्हनलं, म्हनून त्यो उठायच्या आधी जोडतो. त्याला नको सांगू."

दीपमालेनं वाकून पाहिलं. बोल्ट जागेवर होता, पण तिनं बोट लावलं तर तार त्याच्याखाली फिरली. दारातली सैल कडी फिरावी, तशी.

"आप्पा, ही ढिली हाय."

"ढिली कशी? म्या आवळली."

"बघा."

आप्पांनी पाना उचलला. बोल्टवर बसवला, जोर लावला. बोटं पांढरी पडली, थरथरली, आणि पाना निसटला. पुन्हा बसवला. पुन्हा निसटला. त्यांनी दातओठ खाऊन तिसऱ्यांदा हात घातला, तेव्हा दीपमालेला एकदम सगळं उमगलं. उबदार पहाटेला आप्पांच्या बोटांत जोर असायचा, तेव्हा मशीन चालायची. गारठ्यानं बोटं आखडली, की मशीन अडायची. मग गोकुळ यायचा, यंत्रानं बोल्ट खोलायचा, यंत्रानंच आवळायचा. त्याच्या हाताला ते ढिलेपण कधी कळलंच नव्हतं.

तिनं बादली पुढं सरकवली.

"हात घाला पान्यात."

"हे मशीनचं पानी."

"मशीनला थंडी नाय वाजत, आप्पा. घाला."

त्यांनी मनगटापर्यंत हात बुडवले. वाफेत त्यांचा चेहरा दिसेना. बराच वेळ ते पाण्यात बोटं उघडत-मिटत राहिले. मग त्यांनी हात पुसले, पाना बसवला, बोल्ट फिरवला. फिरला, थोडा. आणखी थोडा. तिथं थांबले.

"पोरी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उरलेला तू पीळ."

दीपमालेनं पिळला. तार हलायची थांबली.

साहेब आले, पाण्यात उतरलेल्या मशीनकडं त्यांनी कपाळाला आठ्या घालून पाहिलं. सोमनाथनं, माणूस पडला की मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. मशीन धडधडली. साहेबांनी तीनदा बंद-चालू करायला लावली. तिन्ही वेळा धडधडली. "ठीक आहे. लाइफ जॅकेटं मात्र नवी घ्या," एवढंच बोलून, पोहे खाऊन ते गेले.

सोमनाथला आनंद व्हायला हवा होता. त्याला संशय आला.

"गरम पान्यानं खरंच चालू झाली?"

"झाली. पन पानी मशीनवर नाय टाकलं," दीपमाला म्हणाली. मग तिनं आप्पांकडं पाहिलं. "अहो, सांगते. आधी खाली बसा."

तिनं सांगितलं. सोमनाथ बसला होता, तो उठला.

"प्लग बदलले! रिले बदलला! मी त्या गोकुळच्या गळ्यात पडून रडायचा बाकी व्हतो, आन् तुम्ही राती चोरून तारा काढायले? आप्पा, तुमाला म्हनलं व्हतं ना!"

"ट्रॅक्टरची काढली हयातभर..."

"ट्रॅक्टरवर तुम्ही बसत व्हता, आप्पा! हिच्यावर परक्याची लेकरं बसत्यात! मधी पान्यात बंद पडली असती तर?"

आप्पांनी दोन्ही हात पुढं धरून पालथे-उताणे करून बघितले, जणू कुणा दुसऱ्याचे हात कुणी त्यांच्याकडं सांभाळायला दिले होते.

"ट्रॅक्टर इकला, तवापास्नं ही मशीन येईस्तोवर पाना धरलाच नव्हता," ते म्हणाले. "बोटं धरत नायत, हे मला तरी कुठं ठावं व्हतं?"

सोमनाथनं पुढची शिवी गिळली. मग पाय आपटत पाण्याकडं गेला. दिवसभर गिऱ्हाइकांवर, गोकुळवर, पाण्यातल्या शेवाळावर चिडचिड करत राहिला. फोनवर गोकुळला म्हणाला, "तुझ्या त्या घर्रर्र यंत्राला आग लाव!"

संध्याकाळी मशीन शेडमध्ये लागली. आप्पा घराच्या ओट्यावर बसून राहिले. शेडकडं फिरकले नाहीत. दीपमाला भाकरी थापत होती, आणि तिला शेडमधून नवऱ्याचा आवाज आला. तोच वैतागलेला.

"आप्पा! ओ आप्पा! तार काढायची हाय. या ना लवकर!"

आप्पांनी ओट्यावरून विचारलं, "म्या काढू?"

"मग काय मी काढू? मला कुठं सवय हाय! काढायचं तुम्ही, सकाळी आवळायचं मी. या आता, डास फोडून खायलेत मला!"

आप्पा उठले. कमरेवर हात ठेवून, पण झपाझपा.