राष्ट्राध्यक्षा होलोवेंचा हुकूम

श्रीनाथ परदेशात, वेरिबी गावातल्या घरात एकटाच अडकला होता. त्याच्या आईला मदत करायला म्हणून बायको लीना मुलीला घेऊन साताऱ्याला गेली आणि मागोमाग साथीमुळे विमानंच बंद झाली. ऑफिस आता डायनिंग टेबलावर, बाहेर पडायचं ते दूध-ब्रेड आणायला. मीटिंग संपली की घर एकदम गप्प व्हायचं. म्हणून त्याने इंटरनेटवरच्या एका खेळात नाव घातलं. अमेरिकेचा इतिहास एका जुन्या निवडणुकीपासून वेगळ्या वाटेने न्यायचा. आपला राष्ट्राध्यक्ष कल्पून त्याचा कारभार लिहायचा, आणि तो पटतो का ते बाकीच्यांनी ठरवायचं.

श्रीनाथने मार्था होलोवे नावाची शिक्षिका व्हाइट हाउसमध्ये बसवली. फ्लूची साथ आली तशी तिने सगळी बंदरं बंद केली. सगळ्यांनी वाहवा केली.

विरोधी सिनेटर लिहिणाऱ्या कोणीतरी एकदा इंग्रजीत लिहिलं, 'ही बाई माझ्या डोक्यावर मिरे वाटतेय.' अमेरिकन मंडळी चक्रावली. श्रीनाथ मात्र खो खो हसला, आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. त्याने मेसेज केला, 'मराठी का?'

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विन शहरातल्या हॉस्पिटलमधली नर्स निघाली. सरिता. तीही एकटीच. मग अधूनमधून फोन होऊ लागले, पण बोलणं खेळापुरतंच.

ऑगस्टमध्ये श्रीनाथच्या आईला ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली. लीनाला हॉस्पिटलात कोणी आत सोडलं नाही. तिने फोनवर दाखवली ती आईला घेऊन फाटकातून निघालेली ॲम्ब्युलन्स. ती वळली आणि स्क्रीनवर नुसता रस्ता उरला.

त्याच दुपारी राष्ट्राध्यक्षा होलोवेंनी हुकूम काढला: सगळी बंदरं उघडा, माणसांना आपापल्या माणसांकडे जाऊ द्या.

सभासद तुटून पडले. साथ पसरेल, हजारो मरतील, ही बाई असं करणारच नाही! श्रीनाथ एकेकाला उत्तर देत भांडत बसला. एवढ्यात फोन वाजला.

"श्रीनाथ, काय झालंय?" सरिताने विचारलं.

"काही नाही. राजकारण आहे."

"ते राहू दे. घरी काय झालंय?"

"आई गेली," तो म्हणाला. लीनाशी बोलताना आवरून धरलेलं रडू आता आवरेना. ते ओसरल्यावर सरिता म्हणाली, "कशा होत्या रे त्या?"

तो सांगत सुटला. आई क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना अंपायरशी भांडायची. फोन ठेवताना दरवेळी 'मी ठेवते' म्हणून पुढे आणखी अर्धा तास बोलायची.

संध्याकाळी त्याने हुकूम स्वतःच मागे घेतला. उघडलेल्या बंदरातून आलेला ताप कुणाच्या तरी आईलाच गाठणार होता. त्याने नवं लिहिलं: होलोवेंची आई तिच्या माहेरी, दूर नॉर्वेत वारली. बाईंनी एकही जहाज सोडायला सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी कोणाचीही भेट घेतली नाही.

यावर कोणीच हरकत घेतली नाही. खेळ पुढच्या निवडणुकीकडे सरकला. होलोवे सपाटून हरल्या.

श्रीनाथने नवा उमेदवार दिला नाही. एकट्यापुरता भात लावला आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभा राहिला.