पोकळ झाडांचे डॉक्टर

उद्यान खात्यात त्यांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. ते झाडं तपासत, आणि त्यांच्या हाताखालून रोगी क्वचितच जिवंत सुटे, म्हणून.

तपासणी सोपी होती. लाकडी हातोडीने खोडावर ठोकायचं आणि कान द्यायचा. निरोगी खोड ‘ठक्क’ म्हणतं, आतून पोखरलेलं ‘ढब’ म्हणतं. ढब म्हटलं की अहवालात ‘धोकादायक’ लिहायचं. पुढचं काम करवतीचं. अडचण एवढीच, की कधी कधी झाड ठक्क म्हणे आणि साहेबांचा फोन ढब म्हणे. अशा वेळी डॉक्टर फोनचं ऐकत. त्यांनी कुणाचा कपभर चहाही घेतला नव्हता. त्यांना फक्त ‘नाही’ म्हणता येत नसे. सव्वीस वर्षांत निव्वळ सभ्यपणापायी त्यांनी जेवढी झाडं पाडली, तेवढी एखाद्या वादळालाही जमली नसती.

एके दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीघराचं दार वाजवलं, आणि दार ‘ढब’ म्हणालं.

दार जुनं होतं, म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग ऑफिसातलं टेबल ढब म्हणालं. फायलींनी गच्च भरलेलं कपाट ढब म्हणालं. संध्याकाळी ते घरातल्या भिंती ठोकत फिरू लागले.

“अहो, काय चाललंय? शेजारचे येतील आता भांडायला,” बायको म्हणाली.

“ऐक ना. पोकळ वाजतेय.”

“दगडी भिंत आहे ती! पोकळ काय आहे ते दिसतंय मला.”

तिनेच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान विशीतल्या तरुणासारखे निघाले. जाता जाता त्या भल्या माणसाने त्यांच्या छातीवर दोन बोटं ठोकून पाहिली आणि म्हणाला, “सगळं छान आहे.” डॉक्टरांना स्वतःच्या छातीतून ढब ऐकू आलं होतं. हा खोटं बोलतोय, हे त्यांनी ओळखलं. सभ्य असावा.

त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं. फाटकापाशी एक थोराड झाड होतं. शाळा सुटल्यावर त्याची एक फांदी कोसळली होती. कुणाला लागलं नाही, पण झाड पहिलीच्या वर्गावर झुकलेलं होतं.

डॉक्टर माळीमामांना घेऊन गेले. मामा त्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून होते. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या.

“डॉक्टर, मला खरं काय ते सांगा. पोकळ असेल तर आजच तोडा, माझी चाळीस पोरं आत बसतात. आणि नसेल, तर मी कुणाला हात लावू देणार नाही.”

इतक्या वर्षांत डॉक्टरांना खरं काय ते कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी ठोकलं. ढब. दुसऱ्या अंगाने ठोकलं. ढब. मग फाटकाच्या लोखंडी खांबावर ठोकलं, आणि तोही ढब म्हणाला.

त्यांनी हातोडी मामांपुढे धरली. “मामा, तुम्ही ऐका. माझा कान गेलाय.”

मामांनी ठोकलं, मान तिरकी केली, आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“बोला ना.”

“तुम्ही म्हणाल ते, साहेब.”

“मी काय म्हणतो ते जाऊ द्या. तुम्हाला काय ऐकू येतं?”

“तेच सांगतोय. तुम्ही म्हणाल तेच ऐकू येतं मला. सव्वीस वर्षांची सवय आहे, आता कुठे मोडणार?”

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. “द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “निरोगी झाड कसं वाजतं ते मला दाखवा. मी ऐकते.”

डॉक्टरांनी रस्त्याकडे पाहिलं. कुणीतरी कधीकाळी एकाच दिवशी, एकाच जातीची बारा झाडं ओळीने लावली होती. शाळेचं झाड बारावं. बाकीच्या अकरांचे बुंधे कडेला बसून होते. रस्ता रुंद करायचा होता तेव्हाचे. तो नंतर रुंद झालाच नाही.

“हे,” डॉक्टर पहिल्या बुंध्यापाशी थांबून म्हणाले. “हे निरोगी.”

बाईंनी वाकून पाहिलं. कापलेला भाग गाभ्यापर्यंत घट्ट होता. त्यांनी ठोकलं. “आणि हे?”

“हेही.”

“हे?”

“तेही निरोगीच होतं, बाई.”

सहाव्या बुंध्यानंतर बाईंनी विचारायचं सोडलं. त्या नुसत्या ठोकत गेल्या, आणि डॉक्टर मागून हात बांधून चालत राहिले. शेवटी त्या फाटकाशी परतल्या, झाड चारी अंगांनी ठोकलं आणि म्हणाल्या, “त्या अकरांसारखंच वाजतंय. हुबेहूब.”

डॉक्टरांनी तिथेच अहवाल लिहिला. झाड निरोगी आहे. हा निष्कर्ष शेजारच्या अकरा झाडांच्या आवाजाशी ताडून काढला आहे. ती झाडंही निरोगी होती आणि मी त्यांची नोंद पोकळ अशी केली होती. खाली सही.

बाईंनी वाचलं. “नोकरी जाईल तुमची.”

“जाईल.”

“मग जायच्या आधी अकरा रोपं लावा.”

“खात्याची मोहीम अजून तीन महिन्यांनी...”

“खात्याला कोण सांगतंय? तुम्हाला सांगतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मामा पहिल्या बुंध्याशेजारी खणू लागले. हातभर खाली पहार अडली. मामांनी माती बाजूला केली आणि मुळावर नखाने ओरखडा काढला. मग ते उकिडवेच बसून राहिले.

“साहेब, याला कापून किती वर्षं झाली?”

“नऊ.”

“ओलं आहे हो.”

मामांनी मुळाच्या कडेकडेने हात आत घातला. मूळ शाळेच्या दिशेने जात होतं. “एका जातीची झाडं खालून मुळं जुळवतात कधी कधी. ते शाळेचं पाजतंय याला.”

“कशाला? याला तर एक पानही नाही.”

“हा मेला म्हणून त्याला कुणी सांगितलं नसेल, साहेब.”

वर्गातून पहिलीच्या पोरांचा पाढ्यांचा गलका येत होता. डॉक्टरांनी हातांनीच खड्ड्यात माती लोटली.

“बुजवा, मामा. बाजूला घेऊ.”

त्यांनी बाजूला घेतला. तिथेही पहार अडली. दुपारपर्यंत त्यांनी सात ठिकाणी खणून पाहिलं. सातही ठिकाणी जमिनीखाली आधीच कुणीतरी होतं, आणि त्याचा घसा ओला होता.