साफ केलेलं उत्तर

माझा स्वभाव तिरसट आहे. बायको म्हणते, गिऱ्हाईक येतं ते यांचे हात बघून, तोंड बघून कुत्रंही फिरकणार नाही. खरं आहे. तीस वर्षं लोकांच्या घरातल्या साउंड सिस्टिम दुरुस्त करतोय, पण कुणाची रामकहाणी ऐकायची सवय काही लागली नाही. आवाज कुठे तुटतो, कधी तुटतो, तेवढं सांगा आणि बाजूला बसा, एवढंच माझं म्हणणं.

त्या दिवशी ज्यांच्याकडे गेलो ते मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडल्या उघडल्याच म्हणाले, "मिस्त्री, हा स्पीकर मध्येच टक् टक् करतो, मध्येच आवाज गपकन जातो. गाणी गेली खड्ड्यात, मला एक रेकॉर्डिंग ऐकायचंय."

खिडकीशी पलंग होता, त्यावर रबरी चादर घडी करून ठेवलेली. त्यांची बायको वर्षभर पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होती आणि दोन महिन्यांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात, पुन्हा हॉस्पिटलात हलवायचं का, असं मास्तरांनी तिलाच विचारलं होतं. ती हो म्हणाली, असं मास्तर सांगत होते. मुलगी म्हणत होती, आई नाही म्हणाली होती, तुम्ही हट्टाने नेलंत आणि ती परक्या माणसांत नळ्या लावून घेऊन मेली. तेव्हापासून मुलीने बापाशी बोलणं टाकलं होतं.

"डॉक्टरांना ऐकवायला मी फोनवर रेकॉर्ड करायचो," मास्तर म्हणाले. "त्या दिवशीचं सगळं त्यात आलंय. तो जुना फोन बिघडला, आता या पेन ड्राइव्हवर तेवढं उरलंय. पण या यंत्राच्या टकटकीत काही कळत नाही हो. तिचं उत्तर नीट ऐकू आलं पाहिजे. ती बोलायची कशी, ते आधी तुम्हाला सांगतो..."

"नका सांगू," मी म्हणालो. "मला शब्दांशी देणंघेणं नाही. मी खरखर ऐकतो. शब्द तुम्ही ऐका."

मास्तर गप्प झाले. आयुष्यभर वर्गाला गप्प करणारा माणूस, माझ्या एका वाक्याने गप्प झाला. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कामाला लागलो. टीव्हीखाली गाणी वाजवणारा डबा, तिथून काचेच्या तंतूची बारीक केबल, आणि ती पलीकडच्या अॅम्प्लिफायरला. केबल कपाटामागे काटकोनात मुडपलेली. ती बदलली. आवाज जायचा थांबला, टकटक चालूच. केबलच्या तोंडाची धूळ पुसली, दुसऱ्या भोकात लावून बघितली, ढिम्म. मग सेटिंग उघडलं आणि चोर सापडला. अशा प्रत्येक यंत्राच्या पोटात एक घड्याळ असतं. डबा आपल्या घड्याळाने आवाज पाठवत होता, अॅम्प्लिफायर आपल्या घड्याळाने घेत होता. एका घरात दोन कारभारी. दोघांत केसाएवढा फरक पडला की टक्. अॅम्प्लिफायरला सांगितलं, बाबा रे, तू डब्याच्या घड्याळाने चाल. तीन गाणी लावली. आवाज नितळ, लोण्यासारखा.

मास्तर खूश झाले. "मी खाली औषधाच्या दुकानात जाऊन येतो, तोवर तुम्ही ते रेकॉर्डिंग लावून बघा," म्हणाले आणि काठी घेऊन गेले.

रेकॉर्डिंग लावलं. मास्तरांचा आवाज, मग थोडी शांतता, मग टक्. पुन्हा मास्तर, पुन्हा टक् टक्. केबल चांगली, घड्याळ जुळलेलं, गाणी साफ, म्हणजे दोष आता फाइलमध्येच. कॉपी करताना टकटक आत शिरली असणार. असं हजारदा बघितलंय मी. मास्तर काय विचारतायत इकडे माझं लक्षच नव्हतं. खरखर शोधणारा कान शब्दांवर थांबत नाही.

लॅपटॉप काढला, पेन ड्राइव्ह लावला, टकटक पुसायचा प्रोग्रॅम चालवला. एकशे बेचाळीस दोष काढले, असं पडद्यावर आलं. मग जुन्या फाइलवरच नवी ठेवली. ही माझी पद्धत. दोन फाइली ठेवल्या की म्हातारी माणसं हटकून जुनी लावतात आणि फोन करून माझा उद्धार करतात. लॅपटॉप बंद केला. आगाऊपणा म्हणा, पण मला वाटलं, म्हाताऱ्याचं जास्तीचं काम करून दिलं आपण.

मास्तर आले, औषधाची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. मी रेकॉर्डिंग लावलं.

"पाणी हवंय का?" मास्तरांचा आवाज. शांतता.

"कूस बदलू?" शांतता.

मास्तर पुढे सरकले. "आवाज वाढवा." वाढवला. पंख्याची घरघर, लांबून कुणीतरी भांडी घासतंय, सगळं स्वच्छ.

"हॉस्पिटलात जायचं का पुन्हा? तुला विचारतोय मी. तू म्हणशील तसं." शांतता. बरीच. मग मास्तरांचा आवाज, "बरं. ठरलं तर."

"मिस्त्री, तिचं कुठंय?"

"कुणाचं?"

"अहो तिचं. वाचा गेली होती तिची. जीभ तेवढी हलायची. टाळूला लावून टक् करायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. वर्षभर आम्ही तसंच बोललो."

लॅपटॉप उघडला, मागे जायची वाट शोधली. नव्हती. एकशे बेचाळीस वेळा ती बाई बोलली होती आणि मी तिला एकशे बेचाळीस वेळा पुसलं होतं. "मास्तर, मला वाटलं दोष आहे," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. मग हळूच म्हणाले, "काढण्याआधी ऐकलं असेल ना तुम्ही? त्या प्रश्नानंतर एक होता की दोन?"

मी ऐकलं नव्हतं. देवाशपथ, मला एक आठवत नव्हता आणि दोनही आठवत नव्हते. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"एक," मी म्हणालो. "एकच होता मास्तर."

त्यांनी डोळे मिटले. मग मुलीला फोन लावून माझ्या हातात दिला. "हे तिला सांगा. माझा फोन ती उचलून नुसती ऐकते, बोलत नाही. तुमच्याशी बोलेल."

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो. कोण, कशासाठी, सगळं सांगितलं, पुसून टाकलं तेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "ताई, एकच टक् होता."

मग ती म्हणाली, "काका, मी तिच्या उशाशीच बसले होते. दोन होते. दुसरा अगदी बारीक होता. बाबांना कानाने कमी ऐकू येतं, पहिला ऐकून ते उठले."

मी गॅलरीचं दार ओढून घेतलं.

"बाबा ऐकतायत का?" तिने विचारलं.

"नाही. आत आहेत."

ती रडत होती. "ते रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं तर मरतील, ही भीती होती मला. भांडले मी, पण हे ऐकू नये त्यांनी. आता एकच सांगा त्यांना. द्या फोन, मीपण एकच म्हणते."

मी आत जाऊन मास्तरांना फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "मोठ्याने बोल गं." मग त्यांना रडू फुटलं आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "हो गं, एकच. मी सांगत नव्हतो का, एकच."