आनेश्काची साक्ष

माझा भाऊ लेनर्ड बोलायला लागला की आमच्या पणजोबांवर आल्याशिवाय थांबत नाही. पावसाचा विषय काढा, ट्रॅक्टरचा काढा, नाहीतर गुडघेदुखीचा. दहाव्या मिनिटाला वात्सलाव ड्वोराचेक युरोपातल्या बोहेमियातून अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर येऊन उतरलेला असतो. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, पोरांचा कलकलाट निमूट सोसला, पण लेनर्डची टकळी मला सोसत नाही.

तरी खरं सांगते, गोष्टी ऐकायला आवडायच्या. टोळधाड आली तेव्हा वात्सलावने कोबीची रोपं गोधडीखाली झाकली, तर मेल्या टोळांनी गोधडीसकट कोबी फस्त केला. कुदळीच्या दांड्याला घामाचं मीठ लागलं होतं म्हणून दांडासुद्धा कुरतडला. घोडे गेले, तर त्याने दोन गाई जुंपून माळ फोडला. पिठाचं पोतं खांद्यावर टाकून चाळीस मैल चालत आला. आमच्या जोसेफ आजोबांनी हे लेनर्डला सांगितलं, आणि लेनर्डने आम्हाला, आमच्या पोरांना, बँकेतल्या बाईला, सगळ्यांना.

यंदा गावाला दीडशे वर्षं झाली. गावच्या हॉलसमोर एक मोठा दगड बसवायचं ठरलं. ज्या घराण्याकडे मूळची जमीन अजून आहे, त्यांच्या पहिल्या माणसाचं नाव त्यावर कोरायचं. अट एकच, जमिनीचा मूळ कागद दाखवायचा. समितीचा प्रमुख एल्डन मार्शालेक. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, आणि साठ वर्षं लेनर्डची टर उडवणं हा त्याचा जोडधंदा.

"लेनर्ड, तुझ्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या," तो म्हणाला. "आता एखादा कागद दाखव बाबा!"

लेनर्ड पेटलाच. "रोझी, मागव गं कागद! याच्या नाकावर नेऊन मारतो!"

आमच्याकडचा कागद जुन्या घराला आग लागली तेव्हा जळाला होता, आणि त्यानंतर सरकारी दप्तरातली नक्कल मागवावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ठाऊकच होतं ना सगळं, मग बघायचं कशाला! ही आमच्या घराण्याची अक्कल.

त्या काळी सरकार एकशे साठ एकर फुकट द्यायचं, पण जमिनीवर पाच वर्षं राहून ती कसायला लागायची. मग कचेरीत जाऊन शपथेवर जबानी द्यायची आणि दोन शेजारी साक्षीला न्यायचे. ती सगळी लिहून घेतलेली जबानी वॉशिंग्टनच्या दप्तरात पडून असते. मी अर्ज केला, आणि तीन आठवड्यांनी बत्तीस पानं माझ्या कॉम्प्युटरवर आली. मी कोलाच्यांचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, पीठ फुगायला ठेवलं होतं. म्हटलं, तेवढ्यात चाळून घेऊ.

पहिल्याच पानावर वात्सलाव नव्हता. नाव होतं आनेश्का ड्वोराचेक. म्हणजे आमची पणजी! तिच्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की ती खसखशीचं सारण चांगलं करायची.

"तुमचं लग्न झालं आहे का?" कारकुनाने विचारलं होतं.

"झालं होतं."

"नवरा कुठे आहे?"

"ठाऊक नाही. टोळधाड आली त्याच वर्षी दोन्ही घोडे घेऊन गेला. तुम्हाला भेटला तर घोडे परत मागा."

त्या कारकुनाने हेही जसंच्या तसं उतरवलं होतं. देव त्याचं भलं करो.

"या पाच वर्षांत जमीन सोडून कुठे गेलात?"

"एकदा. पीठ आणायला. चार दिवस लागले."

"कशाने गेलात?"

"पायांनी. मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला शेजारी ठेवलं."

"किती जमीन लागवडीखाली आहे?"

"बावीस एकर."

"घोड्यांशिवाय?"

"आधी कुदळीने. मग दोन गाई जुंपल्या. गाईंना आवडलं नाही."

सगळ्यात खाली सहीच्या जागी एक फुली. लिहिता येत नव्हतं बिचारीला, पण फुली अशी दाबून काढलेली की कागद फाटायचा बाकी. मागच्या पानावर साक्षीदार होता, फ्रान्टिशेक मार्शालेक. म्हणजे एल्डनचे पणजोबा! त्यांनी शपथेवर सांगितलं होतं: "मी रोज पहाटे उठून त्यांच्या धुराड्याकडे बघतो. पाच वर्षांत फक्त चार सकाळी धूर दिसला नाही."

मी टेबलावर हात आपटला, हसले, आणि मग ढसाढसा रडले. माझ्या अंगात कुणाचं रक्त आहे ते मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं होतं! पीठ भांड्याबाहेर आलं तरी मी उठले नाही.

मग पानं छापून काढली आणि लेनर्डला बोलावलं. त्याने चष्मा लावून बत्तीसच्या बत्तीस पानं वाचली.

"हे दुसऱ्याच कुणाचं तरी असणार," तो म्हणाला.

"शेतातला ओढा तोच, एकशे साठ एकर तेच, मुलाचं नाव जोसेफ. आणखी काय हवं?"

"म्हणजे आजोबा माझ्याशी खोटं बोलले?"

"गोष्टी सगळ्या खऱ्या आहेत रे. माणूस तेवढा बदलला त्यांनी. सहा वर्षांच्या पोराला टाकून बाप निघून गेला. त्या पोराने आईने केलेलं सगळं उचलून बापाच्या नावावर घातलं आणि स्वतःसाठी एक बाप उभा केला. मला तर त्यांची मायाच वाटते."

लेनर्डने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रोझी, एल्डन मला जगू देणार नाही. घोडे पळवणाऱ्याचा पणतू म्हणून हाक मारेल. तू हे झाकून ठेव. दगडावर वात्सलावचंच नाव जाऊ दे. आडनाव तर तेच आहे ना!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "आडनाव तेच? अरे, ती बाई चाळीस मैल पायपीट करून आली आणि तू तिला तीस पावलं चालून दगडापर्यंत नेऊ शकत नाहीस? लाज वाटू दे जरा! रविवारी हॉलमध्ये नावं द्यायच्या वेळी तू उठून वात्सलावचं नाव घेतलंस, तर मीही उठेन, आणि सगळ्या गावासमोर बोलेन!"

"बोल! खुशाल बोल!" तो ओरडला. पानं काखेत मारली आणि दार आपटून गेला. पाच दिवस फोन नाही. मी केला तर उचलला नाही. वहिनी म्हणाली, "शेताच्या कडेला जाऊन नुसता उभा राहतो."

रविवारी हॉल खच्चून भरला होता. डुकराचं मांस, डम्पलिंग, कोबी, सगळं झालं. एल्डन एकेका घराण्याला पुकारत होता. माणूस उठायचा, पहिल्या पूर्वजाचं नाव सांगायचा, कागद टेबलावर ठेवायचा, आणि दगड कोरणारी बाई नाव लिहून घ्यायची.

"ड्वोराचेक!" एल्डन म्हणाला. "चला, आता पुढचा एक तास गेला." सगळे हसले.

लेनर्ड उठला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, उठायच्या तयारीत.

"माझ्या गोष्टी तुम्ही सगळ्यांनी ऐकल्यात," तो म्हणाला. "नको तितक्या ऐकल्यात. त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण साठ वर्षं मी चुकीच्या माणसाच्या सांगत होतो."

मग त्याने पानं काढली आणि वाचायला लागला. प्रश्न वाचताना आवाज कारकुनाचा, उत्तरं वाचताना मात्र त्याचा स्वतःचा. घोड्यांचं उत्तर आलं तेव्हा हॉल खदखदून हसला. पिठाच्या उत्तराला कुणी हसलं नाही. मार्शालेकांची साक्ष आली तेव्हा तो थांबला आणि पान एल्डनपुढे धरलं. "हे तुझ्या पणजोबांचे शब्द. तूच वाच."

एल्डनने वाचलं. धुराड्याचं वाक्य त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा टोमणा न मारता पान लेनर्डच्या हातात परत दिलं.

पण गावात तोंडाळ माणसं काय कमी आहेत! मागून कुणीतरी ओरडलंच, "म्हणजे तुमचा तो वात्सलाव पळून गेला म्हणा की!"

लेनर्ड हळूच वळला, आवाज आला त्या दिशेला बघितलं, आणि ताठ उभा राहिला.

"हो, पळाला," तो म्हणाला. "ती नाही पळाली. आम्ही तिचे आहोत."